दुधाच्या वासाची गाडी

निर्मला अक्कांना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तर चार बायका म्हणतात तसं "बरं चाललंय" त्या कधी म्हणाल्या नाहीत. "दमलेय," एवढंच म्हणायच्या. त्यात गाऱ्हाणं नसायचं. नळाला पाणी आलंय, बाहेर ऊन आहे, मी दमलेय, अशा सुरात. विचारणारा पुढचं काही बोलेपर्यंत अक्का पिशवी उचलून चालायला लागलेल्या असायच्या.

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर होतं. माझं फाटक उघडलं की त्यांचा ओटा दिसायचा आणि ओट्यावर खुर्चीत बसलेले भाऊ. भाऊ म्हणजे अक्कांचे यजमान. गावात त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. एकच शब्द उरला होता, "नको." चहा हवा असला तरी "नको" आणि पंखा बंद करायचा असला तरी "नको." अक्का सुरावरून ओळखायच्या. कधी चुकायच्या. मग भाऊ डोळे मिटून घ्यायचे आणि अक्का एकेक वस्तू समोर धरत बसायच्या. पाणी? चष्मा? पेपर? वैतागलेलं त्यांना मी पाहिलं नाही. मात्र अशा वेळी त्यांच्या तोंडून माहेरची बोली निघायची. त्या साक्रीकडच्या. "माले कटाळा उना वं माय," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पाणी? चष्मा?

झटका यायच्या आधीचे भाऊ मला आठवतात. त्यांची पांढरी गाडी होती. शर्टाच्या खिशात पिवळं फडकं असायचं. गल्लीतल्या कुणाच्या पोराने बोनेटवर बोट फिरवलं तरी ते फडकं बाहेर यायचं. त्या गाडीत शेंगा खायच्या नाहीत, ओल्या पायांनी बसायचं नाही, लहान मूल मांडीवर घेतलं तर खाली टॉवेल अंथरायचा. अक्का कायम मागे बसायच्या, कारण पुढे सासूबाई आणि सासूबाईंनंतर दुकानाचं सामान. भाऊ आजारी पडल्यावर पुण्याहून मुलगा आला, त्याने दोन-चार दिवसांत गाडी विकून टाकली आणि परत गेला. भाऊ दवाखान्यातून घरी आले तेव्हा शेड रिकामी होती. ते त्या शेडकडे बघून "नको" म्हणाले. त्या वेळी त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

धुळ्याला एक फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा हात भाऊंना मानवला होता. आठवड्यातून एकदा भाड्याची गाडी करून अक्का त्यांना तिकडे न्यायच्या. मधेच ते जाणं थांबलं. "हे तयार होत नाहीत," एवढंच अक्कांनी सांगितलं. भाऊ मग ओट्यावरही येईनासे झाले. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. खांदा आखडायला लागला, बोटं वळायला लागली. मुलाचे फोन यायचे. तो माणूस ठेवू म्हणायचा, घरीच कुणाला तरी बोलवू म्हणायचा. अक्का ऐकून घ्यायच्या.

आणि मग अक्का गाडी शिकायला जायला लागल्या. साठीला आलेली बाई, सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत कॉलेजच्या पोरींबरोबर. गल्लीत थोडं हसणं झालं. परत आल्या की ओट्याच्या पायरीवर बसायच्या आणि पदराने मान पुसायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, जमतंय का?"

"जमतंय. क्लच दाबून दाबून पाय दुखतो. पण तो तसाही दुखतोच."

लायसन्स मिळालं आणि त्या मला म्हणाल्या, "शोभा, रविवारी माझ्याबरोबर सोनगीरला चल. गाडी बघायची आहे. जुनी." सोबत गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले इस्माईलभाई होते.

गाडी एका दूधवाल्याची होती. घराबाहेर बाभळीखाली उभी होती, राखाडी रंगाची, चार दारांची. टेम्पो घ्यायच्या आधी कैक वर्षं त्याने तिच्यातून दुधाच्या कॅन धुळ्याला पोचवल्या होत्या. मागचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. आंबलेल्या दुधाचा वास. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत कोंडलेला. इस्माईलभाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि बोनेट उघडलं. तेल बघितलं, इंजिन चालू करून कान दिला, गाडीखाली आडवे झाले, डाव्या बाजूच्या पत्र्यावर बोटाने ठोकत गेले. अक्कांनी इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पुढचं डावं दार पुरतं उघडायच्या आणि लावायच्या. पुन्हा उघडायच्या. मग पाठमोऱ्या होऊन सीटवर बसल्या, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, जणू तो त्यांचा नव्हताच. बाहेर आल्या. पुन्हा तसंच केलं.

"अक्का, इकडे इंजिन तरी बघा," इस्माईलभाई म्हणाले.

"इंजिन तुम्ही बघा. मला दार बघू द्या."

इस्माईलभाईंचा निकाल असा होता की इंजिन ठीक आहे, डावीकडून गाडी कधीतरी ठोकली गेलीय आणि रंगवलीय, खालून गंज धरतोय, टायर बदलावे लागतील. "ते सगळं होईल. पण हा वास नाही जायचा अक्का. दूध मॅटखालच्या नमद्यात मुरलंय. दुसरी बघू."

दूधवाला ओशाळला होता. तो म्हणाला, "बठ्ठी गाडी चांगली शे, अक्का. वास तेवढा शे. तो निंघी जाई."

"माले नाक शे ना भाऊ," अक्का शांतपणे म्हणाल्या.

"मंग, लेतस का?"

"लेस."

येताना इस्माईलभाईंनी गाडी चालवली. चारही काचा खाली केलेल्या, अक्का पुढे, मी मागे तोंडाला ओढणी लावून. मला वाटलं, अक्कांना कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ही गाडी गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात साफसफाई सुरू झाली. सकाळी भाऊंचं आंघोळ-जेवण उरकून अक्का साडीवर भाऊंचा जुना शर्ट चढवायच्या आणि कामाला लागायच्या. इस्माईलभाईंनी सीटा काढून दिल्या. सीटांखाली दुधाच्या कॅनचं झाकण निघालं, कडब्याच्या काड्या, पेन्सिलीचे तुकडे, एका लहान मुलाची चप्पल. मॅट उचलली तर तिच्याखालचा जाड नमदा पिवळा पडून कडक झाला होता आणि कोपऱ्यांत खरवडून काढावी अशी साय बसली होती. अक्का उलथनं घेऊन ती खरवडत होत्या. गल्लीतली मांजरं येऊन फाटकावर, भिंतीवर, शेडच्या पत्र्यावर बसली. दिवसभर बसून होती.

गल्लीतल्या प्रत्येकाने उपाय सांगितला. कुणी खायचा सोडा म्हणालं, कुणी लिंबू, कुणी कॉफीची पूड. शेजारच्या आजींनी कडुनिंबाचा पाला पाठवला. मी शिकवायचे त्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या बाईंना विचारून व्हिनेगर आणलं. अक्का सगळं घ्यायच्या, सगळं वापरायच्या. नमदा रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, तुडवायचा, पिळायचा, गच्चीवर वाळवायचा. वाळला की नाकाशी धरायचा आणि पुन्हा भिजवायचा. त्या उन्हात त्यांच्याकडे बघूनच माझे हात दुखायला लागायचे. मी एकदा म्हटलं, "अक्का, नवा नमदा घालून घ्या ना. मिळतो बाजारात."

"मिळतो," त्या म्हणाल्या. "पण मला हाच स्वच्छ होतो का ते बघायचंय."

हट्टाने बोलत होत्या असं नाही. पाय पसरून पायरीवर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले, आणि समोर गार झालेला चहा. त्या चहा नेहमी गारच प्यायच्या. गरम चहा प्यायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नसायचा.

काम सुरू केलं त्याच दिवशी त्यांनी भाऊंची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली होती. भाऊंनी "नको, नको" केलं. अक्कांनी त्या दिवशी सुराकडे लक्ष दिलं नाही. भाऊ मान वळवून भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशीही. अक्का त्यांच्याशी काही बोलायच्या नाहीत. घासायच्या, पाणी ओतायच्या, घासायच्या. केव्हातरी भाऊंची मान अंगणाकडे वळली. जन्मभर गाडी पुसलेल्या माणसाला कुणीतरी गाडी पुसतंय हे न बघता राहवलं नसणार.

मी शाळेतून आले होते आणि फाटकापाशी उभी होते, तेव्हाची गोष्ट. अक्का टूथब्रशने सीटबेल्टच्या खाचेजवळची फट घासत होत्या. भाऊंनी डावा हात उचलला.

"तिथे," ते म्हणाले.

अक्कांचा हात थांबला. त्या वळल्या. "काय म्हणालात?"

"तिथे." बोट सीटच्या मागच्या पट्टीकडे होतं. अक्कांनी तिथे ब्रश घातला आणि काळं, घट्ट काहीतरी बाहेर आलं. त्यांनी ते भाऊंना दाखवलं. भाऊंनी मान हलवली आणि बोट थोडं डावीकडे सरकवलं. अक्का तिकडे घासू लागल्या. दिवस मावळेपर्यंत भाऊ बोट दाखवत होते आणि अक्का घासत होत्या. मी मध्ये गेले नाही. झटक्यानंतर इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला तो नवा शब्द होता.

सगळं वाळून पुन्हा बसवल्यावर अक्कांनी गाडी दिवसभर उन्हात बंद करून ठेवली. संध्याकाळी मला हाक मारली. त्यांनी दार उघडलं, डोकं आत घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मला म्हणाल्या, "तू बघ." मला रिठ्याचा वास आला, थोडा कडुनिंबाचा, तापलेल्या रबराचा. दुधाचा नाही. अक्कांनी इस्माईलभाईंच्या मदतीने भाऊंना खुर्चीसकट दारापाशी आणलं. भाऊ पुढे वाकले. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"येतोय का वास?" अक्कांनी विचारलं.

भाऊंनी मान हलवली. नाही.

अक्का तिथेच खाली, फरशीवर बसल्या. हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शोभा, मला उठव गं."

त्या संध्याकाळी भाऊ झोपल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं. धुळ्याहून येताना भाड्याच्या गाडीत भाऊंचे कपडे ओले झाले होते. दोघांच्याही ते लवकर लक्षात आलं नाही. ड्रायव्हरच्या लक्षात आलं. त्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, दोघांना उतरवलं, आणि सीट पुसता पुसता येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला. काय बोलला ते अक्कांनी सांगितलं नाही. "हे उभे होते माझ्या खांद्यावर. स्वतःच्या गाडीत दुसऱ्याला शेंगा न खाऊ देणारा माणूस." त्यानंतर भाऊ घराबाहेर पडायला तयार होईनात.

"मग स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. चांगली, कोरी दिसणारी घेतली असती तर हे तिच्यात बसलेच नसते. खराब होईल म्हणून जीव मुठीत धरून बसले असते. सोनगीरच्या गाडीचं दार उघडलं आणि वाटलं, हिच्यातून हा वास निघाला तर कशाचाही निघेल. आणि तो निघताना ह्यांनी बघायला पाहिजे." त्यांनी पदराने मान पुसली. "तोंडाने सांगून नसतं पटलं ह्यांना. लग्नापासून माझं कधी पटलंय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही धुळ्याला निघालो. पहिलीच वेळ म्हणून अक्कांनी मला मागे बसवलं. अक्का गाडी हळू चालवायच्या. ट्रक भोंगा वाजवत पुढे जायचे, त्या डावीकडे सरकून वाट द्यायच्या. रस्त्याचं काम निघालेलं, सगळीकडे धूळ, आणि मध्ये मध्ये वळणरस्ते. भाऊ खिडकीतून कपाशी बघत होते, ढाब्यांच्या पाट्या बघत होते. एरंडोल मागे पडलं तसा त्यांचा डावा हात गिअरच्या दिशेने हलायला लागला, अक्का चुकीच्या वेळी गिअर टाकायच्या तेव्हा. पारोळ्याच्या पुढे त्यांनी एकदम हात आखडून घेतला आणि मान खाली घातली.

अक्कांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी निंबाखाली जागा बघून गाडी थांबवली. उतरल्या, डावं दार पुरतं उघडलं, मागून पिशवी काढली. मी पाठ फिरवून शेताकडे बघत उभी राहिले. ऐकू येत होतं ते एवढंच, "पाय इकडे. हं. आता हा." आवाजात घाई नव्हती, समजूत काढणंही नव्हतं. भांडी घासताना बाई जशी स्वतःशी बोलते तसं. सगळं आवरलं, मी मागे बसले, त्या पुन्हा स्टिअरिंगमागे बसल्या आणि किल्ली फिरवायच्या आधी थांबल्या, कारण भाऊ काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते. ओठ हलत होते. अक्का वाट बघत राहिल्या.

"धुवू," भाऊ म्हणाले.

अक्कांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? धुवायला हे येणार आहेत."

आणि भाऊ खरंच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर अंगणात भाऊ खुर्चीत, डाव्या हातात पाण्याचा पाइप. नेम लागत नव्हता. पाणी गाडीवर पडत होतं, तुळशीवर, फाटकावर, अक्कांवर. अक्का चिंब होऊन सीट पुसत होत्या आणि "अहो, इकडे नाही, तिकडे" म्हणत होत्या, आणि पाइप पुन्हा त्यांच्याचकडे वळत होता. तो चुकून वळत होता की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग ते नेहमीचं झालं. दर आठवड्याला धुळे, अधूनमधून साक्रीला दिलेल्या मुलीकडे. गाडी पुष्कळदा खराब झाली आणि प्रत्येक वेळी धुतली गेली. भाऊंचा खांदा थोडा मोकळा झाला. शब्द फार आले नाहीत, चार-सहा आले. खालून गंज वाढला, इस्माईलभाई पॅच मारून देत राहिले. अक्का जास्त थकल्या. पायऱ्या चढताना कठडा धरायला लागल्या. मुलगा एकदा दिवाळीला आला होता तेव्हा ओट्यावर बोलणं चाललं होतं, ते मला ऐकू आलं. तो म्हणत होता, "आई, तुझी काय अवस्था झालीय बघ. कशाला फिरवतेस बाबांना? काही फरक पडणार आहे का?"

"नाही पडणार," अक्का म्हणाल्या.

"मग?"

"त्यांना खिडकीतून रस्ता दिसतो. घरातल्या खिडकीतून शेजारच्या पाटलांची भिंत दिसते. मी बघितलीय ती भिंत, किती वर्षं. तू बस आठ दिवस तिथे."

जाण्याआधी मुलाने गाडीला नवे टायर बसवून दिले. बसवताना तो स्वतः उकिडवा बसून होता आणि भाऊ बोट दाखवत होते.

अक्का भाऊंच्या आधी गेल्या. साक्रीला मुलीकडे असताना ताप आला, तो उतरलाच नाही. आम्हाला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. भाऊ मुलीकडेच राहिले, आणि समोरचं घर बंद झालं. गल्लीत सगळ्यांनी म्हटलं, बाई झिजून गेली. ते खरंच होतं, पण मला ते वाक्य पुरेसं वाटलं नाही. काय कमी होतं ते मात्र सांगता यायचं नाही.

त्या जायच्या थोडं आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी एका लग्नासाठी साक्रीच्या एसटीत होते. दुपारची वेळ, नेरच्या पुढे रस्त्याचं काम होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. बस इंच इंच पुढे सरकत होती. उजव्या हाताला, कडेच्या मातीत ती राखाडी गाडी उभी दिसली. आधी वाटलं, बंद पडली. मग बस अगदी शेजारी आली आणि मला वरून काचेतून आतलं दिसलं. अक्का स्टिअरिंगमागे सीट मागे टाकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चप्पल पायातून निसटलेली, एक हात मांडीवर उलटा पडलेला. त्या बाजूने ऊन सरळ आत येत होतं. भाऊ शेजारी अवघडून, सगळं अंग त्यांच्याकडे वळवून बसले होते, आणि डाव्या हाताने उघडलेला पेपर त्यांच्या चेहऱ्यावर धरून होते. पेपर खाली यायला लागला की ते तो पुन्हा वर न्यायचे.

मी हाक मारली नाही. रांग सुटली आणि बस पुढे निघाली. मागच्या काचेतून वळून पाहिलं तेव्हा पेपर तसाच वर होता.